नाव मोठ्यांदा घ्या

त्रिंबकराव डाव्या कानानं ठार बहिरे आहेत, अशी आमच्या कचेरीत सगळ्यांची पक्की समजूत होती. ती त्यांनी स्वतःच करून दिलेली होती. मी त्यांच्या शेजारच्या टेबलाशी उमेदीची वर्षं काढली, सोलापुरात त्यांच्याच आळीत बिऱ्हाड केलं, आणि छातीवर हात ठेवून सांगतो, त्या माणसाला दोन्ही कानांनी मांजराचं पाऊल ऐकू यायचं. आमच्या आळीत दोन्ही बाजूंना तेलुगू विणकरांची घरं. दिवसभर मागांचा खटखटाट. त्या खटखटाटात आतल्या चुलीवर दूध वर यायला लागलं की बाहेर ओसरीवरून यांचा आवाज यायचा, "अहो, दूध." चुलीशी बसलेल्या वहिनींच्या आधी यांना कळायचं. आणि हाच माणूस कोट चढवून कचेरीत आला की डावा कान मेलेला.

आता याचं कारण सांगतो. सरकारी कचेरीतली निम्मी कामं कागदावर होतात आणि उरलेली कानात. त्रिंबकराव अव्वल कारकून. गावोगाव सरकारी मदत वाटायची, तिचे अर्ज यांच्या हातून जायचे. तेव्हा कानाशी लागायला येणाऱ्यांना तोटा नव्हता. यांनी आल्यागेल्याची खुर्ची मुद्दाम डाव्या बाजूला ठेवलेली. कुणी भरजरी फेटेवाला यायचा, खुर्ची पुढं सरकवायचा, तोंडाशी हात धरून हळूच सुरुवात करायचा, "रावसाहेब, जरा आमच्या भाच्याचं..." की हे कानामागं पंजा लावायचे आणि देवळातल्या घंटेसारख्या आवाजात म्हणायचे, "मोठ्यांदा बोला. या बाजूनं ऐकू येत नाही."

झालं. सगळ्या कचेरीच्या लेखण्या थांबायच्या. फेटेवाला इकडं बघायचा, तिकडं बघायचा, आणि सहज आलो होतो म्हणून उठायचा. मोठ्यांदा बोलता येईल असं त्याच्यापाशी काही नसायचंच. एकदा मात्र आलेला गृहस्थ स्वतःच खरा बहिरा निघाला. त्याला वाटलं आपण कुजबुजतोय. त्यानं देऊ केलेली रक्कम बाहेर झाडाखालच्या टांगेवाल्यांनीसुद्धा ऐकली आणि त्यातला एकजण आत डोकावून म्हणाला, "ले लो साब, अच्छा भाव है." त्रिंबकराव हसले नाहीत. त्यांनी त्या गृहस्थाला हाताला धरून जिन्यापर्यंत नेऊन सोडलं. आम्ही मात्र दिवसभर हसत होतो.

दिसायला माणूस अगदी चिपाड. लांब मान, काळा कोट, कोपरावर वहिनींनी घातलेलं ठिगळ, डोक्याला रुमाल. दौऱ्यावर निघाले की धडप्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घ्यायचे. पाटलाच्या घरी पुरणपोळी शिजत असली तरी हे चावडीच्या कट्ट्यावर भाकरी मोडत बसायचे, आणि मलाही बसावं लागायचं. त्या पुरणपोळ्यांचा वास आठवला की अजून माझं डोकं फिरतं. विचारलं तर म्हणायचे, "ज्याच्या घरी जेवलो त्याचं नाव वाचताना आवाज बसतो, बळवंतराव."

नाव वाचणं. या माणसाचा सगळा जन्म त्यातच गेला.

त्या सालांत सरकारनं आमच्या कोरडवाहू जिल्ह्यात ताली घालायला मदत द्यायचं काढलं होतं. ताल म्हणजे पावसाबरोबर माती वाहून जाऊ नये म्हणून रानाच्या उतारावर घातलेला दगडमातीचा बांध. ज्यानं आपल्या रानात ताल घातली त्याला मजुरीतला काही भाग सरकार द्यायचं. हे कर्ज नव्हतं, परत फेडायचं नव्हतं. म्हणजे गुळाची ढेपच उघडी ठेवलेली, मुंग्यांना काय बोलवायला जावं लागतं? आमचे बाकीचे कारकून गावात जायचे, पाटलाच्या सोप्यात बसायचे, यादीवर अंगठे घ्यायचे आणि संध्याकाळच्या आत परतायचे. गावाला पत्ताही नसायचा कुणाला काय मिळालं त्याचा.

त्रिंबकरावांना ते मान्य नव्हतं. ते म्हणायचे, सरकारचा पैसा म्हणजे गावच्या आडाचं पाणी. ज्याला लागेल त्यानं खुशाल शेंदावं, पण काठावर उभ्या असलेल्यांना दिसलं पाहिजे कुणाच्या घागरीत किती गेलं ते. म्हणून हे गावात शिरले की आधी दवंडी पिटवायचे, सगळ्यांना चावडीपुढं गोळा करायचे आणि यादी वाचायचे. वाचा असं सांगणारा कुठलाही नियम नव्हता. वाचू नका असं सांगणाराही नव्हता. आणि वाचण्याआधी, तुम्हाला खरं वाटणार नाही, स्वतःचं नाव घ्यायचे. "मी त्रिंबक बिन नारायण, अव्वल कारकून. सरकार मला महिन्याला पासष्ट रुपये पगार देतं. आज इथं आलो त्याचा भत्ता निराळा, तो बारा आणे. हे तुमच्या शेतसाऱ्यातून येतं. आता तुमची नावं ऐका."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. स्वतःचा पगार असा चव्हाट्यावर सांगतात का कुणी? आमच्या घरी तो बायकोला नीटसा ठाऊक नव्हता.

गंमत बघा. गावोगावची नावं मोठ्यांदा घेत फिरणाऱ्या या माणसाचं नाव त्याच्या स्वतःच्या घरात कुणी घेत नव्हतं. वहिनी जुन्या वळणाच्या. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे त्यांच्या मनात घट्ट बसलेलं. 'अहो', 'इकडून', फार तर 'आमच्या घरचं माणूस'. हळदीकुंकवाला बायका उखाण्यासाठी धरून बसल्या की वहिनी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जायच्या. इतकंच काय, त्रिंबकेश्वराला जाऊन आल्या तरी 'नाशकाकडच्या देवाला गेलो होतो' म्हणायच्या. त्रिंबकराव त्यावरून त्यांची चेष्टा करायचे, पण रीत मोडा असं कधी म्हणाले नाहीत.

यादी वाचण्यात सगळं सोनंच होतं असंही नाही. एकदा आम्ही रेल्वेनं केम गावी उतरलो, तिथल्या चावडीवर वाचन झालं. सगळं सुरळीत चाललेलं, तेवढ्यात एक वयस्कर शेतकरी उठला. गळ्यात माळ, अंगात स्वच्छ बाराबंदी. तो शांतपणे म्हणाला, रावसाहेब, माझं नाव वाचलं नसतं तर बरं झालं असतं. पोरीच्या सोयरिकीचं बोलणं चाललंय. पावणे म्हणतील, हे घर सरकारच्या मदतीवर जगतंय. एवढं बोलून तो खाली बसला. 

मी मनात म्हटलं, घ्या आता. बसली का चपराक? हे मी त्यांना किती वेळा सांगितलं होतं, की माणसाला अब्रू असते, प्रत्येकाचं सगळं वेशीवर टांगू नये. त्रिंबकरावांनी यादी खाली ठेवली आणि त्याला विचारलं, आबा, तुमची ताल केवढी? तो म्हणाला, दोनशे हात असंल. कुणी घातली? मी आन माझ्या दोन पोरांनी, उन्हाळाभर. त्रिंबकराव उठून उभे राहिले आणि त्याचं नाव पुन्हा वाचलं. या वेळी नावापुढं वाचलं, "ताल दोनशे हात, स्वतः आणि दोन मुलांनी घातलेली." म्हाताऱ्याची मान वर आली.

त्या दिवसापासून हे प्रत्येक नावापुढं कामही वाचायला लागले. ताल केवढी, कुणी घातली. माणसं मग आपलं नाव ऐकायला पोराबाळांसकट यायला लागली. मी त्यांना कबुली दिली नाही, पण मला ते आवडलं. आणि पुढं जे झालं ते या नव्या पद्धतीमुळंच झालं.

ज्यांच्या नावापुढं वाचायला काम नव्हतं त्यांना अर्थातच ते आवडलं नाही. जिल्ह्यातल्या एका बड्या असामीचे दोनतीन नातलग चावडीवर उघडे पडले. तो तडक आमच्या डिप्टीसाहेबांकडं गेला. साहेब काही वाईट माणूस नव्हे, पण वारा येईल तशी पाठ देणारा. एके दिवशी भर कचेरीत ते त्रिंबकरावांच्या टेबलाशी आले, वाकले आणि हळू आवाजात म्हणाले की यादी वाचायची काही गरज नाही, गुपचूप वाटून येत जा. वाकले ते नेमके डाव्या बाजूनं. मी शेजारीच होतो, मला सगळं ऐकू आलं. त्रिंबकराव अदबीनं उभे राहिले, पंजा कानामागं लावला आणि म्हणाले, "काय म्हणालात साहेब? यादी वाचू नको? जरा मोठ्यांदा सांगा, या बाजूनं ऐकू येत नाही."

सगळ्या कचेरीच्या माना वळल्या. साहेबांचा चेहरा लालबुंद. शेवटी म्हणाले, "काही नाही. दौऱ्यावर पाऊसपाणी कसं आहे, विचारत होतो." त्रिंबकराव म्हणाले, "पाऊस नाही साहेब," आणि खाली बसले. मी टेबलाखाली पडलेली लेखणी शोधायला वाकलो आणि बराच वेळ वाकलेलाच राहिलो, कारण वर आलो असतो तर हसून नोकरी गेली असती.

आता त्या वाडीची गोष्ट. जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला, माणदेशाच्या वाटेवर आहे. नाव सांगत नाही, माणसं अजून नांदतायत. धनगरांची वस्ती, सगळ्यांचं आडनाव एकच. पावसाळा सरला की पुरुष मेंढरं घेऊन दूरदूर चरायला जायचे ते मृगाच्या सुमाराला परतायचे. मागं घर आणि रान बायकांनी सांभाळायचं.

आम्ही वैशाखात गेलो. मृग तोंडावर आला होता. चावडीपुढं लिंबाच्या सावलीत गावात उरलेले पुरुष बसले, बायका नेहमीप्रमाणं एका बाजूला भिंतीच्या आडोशानं उभ्या. पाटील खुर्ची टाकून शेजारी. त्रिंबकरावांनी आपला पगार सांगितला, भत्ता सांगितला आणि वाचायला लागले. चारपाच नावं झाली. मग आलं, "धोंडी बिन सिदू. ताल दीडशे हात, घरच्या माणसांनी घातलेली."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघं. हा धोंडी पाटलाचा मेहुणा. मिशीला पीळ देत तिथंच बसलेला. एक म्हातारा धनगर, बहुधा वयामुळं ज्याला कुणाची भीती उरली नव्हती असा, म्हणाला, "धोंड्यानं ताल घातली? त्यानं जल्मात कदी खुरपं धरल्यालं न्हाय."

त्रिंबकराव थांबले. विचारलं, त्या सर्वे नंबरातल्या रानात ताल आहे की नाही? आहे, लोक म्हणाले. मग कुणाची? यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या. पाटील समोर बसलेला. त्याच्या विहिरीवर पाणी भरायचं, त्याच्या दारावरून जायचं. कोण बोलणार?

तेव्हा भिंतीच्या आडोशातून एक बाई पुढं आली. काखेत पोर, पदर डोक्यावरून ओढलेला, हाताचे तळवे दगड उचलून फुटलेले. भागाबाई तिचं नाव. ती म्हणाली, "ती ताल माजी हाय."

हळूहळू सगळं बाहेर आलं. नवरा मेंढरांमागं गेलेला. सासूसासरे कधीच वारलेले. हिनं एकटीच्या हिमतीवर, दोन गडी-बायकांना धान्यावर लावून, ती ताल घातली होती. ताल उभी होती, पण जादा पाण्याला वाट द्यायचा दगडी सांडवा राहिला होता. तो पाथरवटाचं काम. त्याला रोख मजुरी हवी. आणि सांडवा नसला तर मृगाच्या पहिल्याच जोराच्या सरीत पाणी तुंबून ताल फुटणार, उन्हाळाभराची मेहनत आणि रानातली माती दोन्ही ओढ्याला जाणार. मदतीचा पैसा आजच मिळायला हवा होता.

मग कागदावर धोंडी कुठून आला? ते ऐकलंत तर हसावं की रडावं कळायचं नाही. अर्ज लिहायला आमच्या कचेरीतला एक उमेदवार कारकून आला होता. त्यानं हिला विचारलं, मालकाचं नाव काय? नवऱ्याचं नाव कसं घेणार? ही म्हणाली, "तालीला लावत्यात की, ते." त्यानं डोकं लढवलं आणि विचारलं, "धोंडा?" हिनं मान हलवली. आता नवऱ्याचं नाव होतं दगडू. लग्न झाल्यापासून हिनं दगड हा शब्दच तोंडातून काढलेला नव्हता, दगडाला ती धोंडाच म्हणायची. तिच्या लेखी उत्तर बरोबर आलं. आमच्या शहाण्यानं आपल्या हुशारीवर खूश होऊन लिहिलं, धोंडी. बापाचं नाव विचारलं तर सासऱ्याचंही नाव घ्यायचं नाही, म्हणून ती जागा मोकळी राहिली. अर्ज पाटलाकडं गेला. त्याच नंबरात मेहुण्याचाही हिस्सा होता. पाटलानं मोकळ्या जागेत मेहुण्याच्या बापाचं नाव भरून टाकलं.

पाटील मोठा गोड बोलला. म्हणाला, लिवण्यातली चूक असंल रावसाहेब. कागद शहरात न्या, दुरुस्त करा, मग सावकाश द्या. आज बाकीचं वाटप उरका. ऐकायला किती सरळ. पण कागद शहरात जाऊन परत येईपर्यंत दोन पावसाळे झाले असते, हे तिथं बसलेल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

त्रिंबकराव भागाबाईला म्हणाले, "बाई, दुरुस्ती इथंच करतो. पण ताल तुमची आहे म्हणून ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचं नाव तुम्ही पंचांसमोर सांगायला पाहिजे. तोंडानं."

ती उभी राहिली. ओठ हलेनात. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. अहो, नवरा आडरानात मेंढरं घेऊन फिरतोय, लांडगा आहे, साप आहे, आणि इथं भर चावडीवर त्याचं नाव घ्यायचं? तुम्हाआम्हाला पोरखेळ वाटेल. तिच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला. त्रिंबकरावांनी लोकांकडं वळून विचारलं, दुसरं कुणी सांगेल का? जो तो पाटलाकडं बघायला लागला.

शेवटी तिनं काखेतल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटली. मी चार हातांवर होतो, मला ओठ हललेले दिसले, शब्द कळला नाही. मला वाटलं, आता हे म्हणणार, मोठ्यांदा. दुसरं ते काय म्हणणार? जन्मभर तेच म्हणत आले. पण त्यांचा पंजा कानामागं गेलाच नाही.

पाटील म्हणाला, "काय म्हनली? आमाला तर काय ऐकू आलं न्हाय. आन रावसाहेब तर त्या कानानं बहिरंच हायत की."

बाई उभी होती ती त्यांच्या डाव्या बाजूला. त्रिंबकरावांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग पाटलाकडं वळून म्हणाले, "मला ऐकू आलं."

"डाव्या कानानं?"

"डाव्याच कानानं."

पाटलाच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. जिल्हाभर ज्या कानाचा दरारा होता तो कान खोटा, हे त्याला फुकटात कळलं होतं आणि आठवड्याच्या आत ते सगळ्या कचेरीला कळणार होतं. मी कपाळावर हात मारून घेतला. पण भागाबाईलाही ते कळलं. हा माणूस आपल्यासाठी काय सोडून बसला ते तिला माझ्याहून आधी कळलं असावं. तिनं पदर मागं सारला, दोन पावलं पुढं आली आणि ओढ्यापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दगडू! दगडू बिन म्हाळू. माज्या मालकाचं नाव हाय ते. आता आलं का ऐकू, पाटील?"

मघाचा म्हातारा उठला, यादीपुढं बसला आणि म्हणाला, "कुटं लावायचा अंगटा, दावा." त्याच्यामागून दुसरा आला, मग तिसरा. त्रिंबकरावांनी नाव खोडलं, शेजारी नवं लिहिलं, पंचांचे अंगठे घेतले आणि पैसे भागाबाईच्या ओंजळीत घातले. मग पुन्हा उभं राहून वाचलं, "दगडू बिन म्हाळू. ताल दीडशे हात, पत्नी भागाबाई हिनं घातलेली."

परतताना बैलगाडीत मी त्यांना खूप बोललो. म्हटलं, एवढा सांभाळलेला कान घालवलात. त्या बाईला आणखी थोडा वेळ दिला असता, तिनं घेतलं असतं नाव. तुमचा कान म्हणजे आपल्या कचेरीची तटबंदी होती. त्यांनी धडप्यातली उरलेली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. मग म्हणाले, "ती बाई जन्माची रीत मोडायला निघाली होती, बळवंतराव. माझा कान काय त्याहून मोठा लागून गेला?"



पुढं व्हायचं तेच झालं. डिप्टीसाहेबांनी त्यांना आत बोलावलं. आत म्हणजे पडद्यापलीकडं, तेव्हा आम्हाला सगळं ऐकू आलंच. साहेब म्हणाले, तुम्हाला डाव्या कानानं ऐकू येतं म्हणे. येतं, हे म्हणाले. मग ऐका, यापुढं यादी वाचायची नाही. त्रिंबकराव म्हणाले, "ऐकलं साहेब. तेवढं लेखी द्या. चावडीवर तेही वाचतो."

लेखी आलं, पण ते निराळंच आलं. त्रिंबकरावांना दौऱ्यावरून काढून तळघरातल्या दप्तरखान्यात टाकलं. धूळ, वाळवी, जुने कागद, आणि बोलायला एक म्हातारा शिपाई. पेन्शनीपर्यंत ते तिथंच राहिले. एकदाही कुणाकडं रदबदली केली नाही. मी खाली जायचो तेव्हा कागदांची गाठोडी झटकत असायचे आणि विचारायचे, "यादी वाचता ना?"

कारण दौऱ्यावर आता मला पाठवत होते. आणि मी खरं सांगतो, मी गुपचूप वाटून येणार होतो. मी काही लढवय्या नव्हे, मला चार मुली. पण पहिल्याच गावात पाटलाच्या सोप्यात बसलो तर दारात ही गर्दी. रावसाहेब, चावडीवर चला की. नावं वाचा की. एकजण म्हणाला, आदी तुमचा पगार सांगा. लोकांना खोड लागली होती. झक मारत गेलो, माझा पगार सांगितला आणि वाचलं. दुसऱ्या गावात तेच, तिसऱ्या गावात तेच. लेखी मनाई कधीच आली नाही, कारण ती लिहायची हिंमत कुणातच नव्हती.

दुसऱ्या साली भादव्यात, पुरुष मेंढरांमागं निघायच्या आधी, त्या वाडीलाही गेलो. भागाबाईची ताल बघितली. सांडवा मजबूत, तालीमागं हातभर गाळ धरलेला आणि त्यात ज्वारी कमरेच्या वर. नवरा दगडू भेटला. दांडगा, लाजाळू माणूस. त्रिंबकरावांची चौकशी केली आणि मग डोकं खाजवत म्हणाला, "रावसाहेबास्नी सांगा, तवा चावडीवर नाव घेतलं ते घेतलं. आता घरात बी घेती. लई मोट्यानं घेती." भागाबाई पाठमोरी होऊन हसत होती. हे मी दप्तरखान्यात जाऊन सांगितलं तेव्हा त्रिंबकराव इतके हसले की गाठोड्यांवरची धूळ उडाली.

शेवटचे भेटले ते मी निवृत्त व्हायच्या सुमाराला. वहिनी त्याआधीच गेल्या होत्या, शेवटपर्यंत नाव न घेता. आणि दैवाची चेष्टा अशी, की म्हातारपणी त्रिंबकराव खरोखरच बहिरे झाले होते. डावा, उजवा, दोन्ही कान. दूध उतू जायचं तेही आता कळत नव्हतं, शेजारची विणकरीण धावत येऊन चुलीवरून उतरवायची.

मी काही कामानं सरकारी तिजोरीवर गेलो होतो. पेन्शनीच्या खिडकीपुढं म्हाताऱ्यांची रांग, तीत हे उभे. तोच काळा कोट, दोन्ही कोपरांना ठिगळं. यांची पाळी आली. खिडकीतला कारकून पोरगेला, मान खाली घालून त्यानं पैसे आणि सहीचा कागद पुढं सरकवला. त्रिंबकरावांनी हात लावला नाही.

"नाव घ्या," ते म्हणाले. "आणि रक्कम सांगा. मोठ्यांदा."

पोरानं वर पाहिलं. त्याला वाटलं म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. त्यानं खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि यांच्या कानाशी ओरडायला लागला. त्रिंबकरावांनी मान हलवली. "मला नाही हो," ते म्हणाले, "माझे दोन्ही कान गेलेत. त्यांना सांगा," आणि मागच्या रांगेकडं बोट दाखवलं.

पोरगं उभं राहिलं आणि रांगेकडं बघून त्यानं नाव आणि रक्कम खणखणीत वाचली. त्रिंबकरावांना त्यातलं अक्षरही ऐकू आलं नसणार. ते रांगेतल्या एकेका चेहऱ्याकडं बघत होते. मग मी दिसलो. त्यांनी भुवया वर करून मला विचारलं, "ऐकलं सगळ्यांनी?"

मी मान हलवून हो म्हटलं. मग त्यांनी सही केली.